एक प्लेट असंच

…नाही, नाही, दार तेवढं अडवू नका, बाकी बसा खुशाल! रांग शेजारची आणि सावली माझ्या दुकानाची, मला सगळं माहीत आहे. त्या स्टुलावर बसा… तो नाही हो, त्याचा पाय हलतो! कापडाच्या गठ्ठ्यावर बसा, पण टाचण्या बघून बसा, मागच्या आठवड्यात एक गृहस्थ न बघता बसले आणि रांगेतला नंबर सोडून तडक घरी गेले. हां… तर तुम्हीपण तेच खायला आलात ना? 'असंच'? या बाई तर म्हणे दोन बस बदलून आल्या! दोन बस! अहो, तुम्हाला सांगतो, या सगळ्याच्या मुळाशी कोण आहे माहीत आहे? मी! हा गळ्यात टेप घालून तुमच्यासमोर बसलाय तो, पँटी आखूड करून देणारा शिंपी. आणि मी केलं काय? एक शब्द बोललो. एक शब्द हो, एकच!

आता तुम्ही म्हणाल, असं काय बोललास बाबा? सांगतो. ही शेजारची खाणावळ माझ्या ताईची. सख्खी बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. चार टेबलं, सोळा खुर्च्या, भिंतीवर एक फळा. मधली भिंत आमची एकच, इकडून माझं इस्त्रीचं टेबल, तिकडून तिचा ओटा. आणि तेवीस वर्षं, रोज दुपारी अडीचला, जेवणारी माणसं गेली की ही भिंतीवर झारा आपटायची. दोनदा आपटला म्हणजे 'ये'. तीनदा म्हणजे 'कधीची आपटतेय, बहिरा झालास का मेल्या!' मी मशीन थांबवायचो, मागच्या दाराने आत. तोवर तिने सकाळचं जे काय पातेल्यांच्या तळाशी राहिलंय ते एका कढईत लोटलेलं असायचं, भात असेल, वाटाणे असतील, बटाट्याच्या चार फोडी, कधी एखादं अंडं, वरून परतलेला कांदा, मिरपूड, झालं! दोन ताटल्या. एक तिची, एक माझी. आणि मग अर्धा तास ती मला बोलायची. बोलायची म्हणजे गप्पा नव्हेत, रागवायची! 'शर्टाचं बटण तुटलंय, शिंपी ना रे तू?' 'दाताच्या डॉक्टरकडे गेलास? नाही गेलास, तोंडावरून दिसतंय.' 'बायकोला परत उलट बोललास ना? मला कळतं हं सगळं!' मी आपला मान खाली घालून घास घ्यायचो. आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, तेव्हापासून मला रागवायचं काम हिच्याकडे आहे, आणि तिने एक दिवस रजा घेतलेली नाही. आता खोटं कशाला बोलू… दिवसभरातला तो अर्धा तास मला फार आवडायचा. तिला कधी सांगितलं नाही. सांगतो की काय! तिने त्यावरूनही बोलून घेतलं असतं.

तर एके दिवशी ताई पुढच्या दाराची कडी लावायची विसरली. तेवढंच निमित्त! आम्ही खातोय, आणि आत कोण यावं? एक मुलगी. गळ्यात कॅमेरा, हातात वही. ते गुरुवारी निघणारं साप्ताहिक नाही का, शेवटच्या पानावर 'शहरात नवं काय' असतं, कुठे काय खावं, कुठे काय बघावं, कुठल्या गल्लीतून चालावं… म्हणजे जिथे लोक जन्मापासून राहतात तिथेच त्यांनी फिरायला कसं जावं, हे सांगणारं पान! त्या पानाची ती मुलगी. मला म्हणते, 'काका, हे काय खाताय तुम्ही?' आता माझ्या तोंडात घास. गरम. समोर ताई डोळे वटारून, कारण तोंडात घास असताना बोलायचं नाही हा तिचा नियम. मी काय सांगू, सकाळचा भात, कालचा वाटाणा? मी आपलं म्हटलं,

'असंच.'

एक शब्द हो! एकच! 'असंच' म्हणजे काय? म्हणजे काही विशेष नाही, जाऊ दे, विचारू नका! तुम्ही काय समजलात? हेच ना? पण ती काय समजली? ती म्हणते, 'असंच?' मी म्हटलं, 'हं.' 'किती वर्षं बनवताय?' ताई म्हणाली, 'तेवीस झाली की.' 'आणि फळ्यावर का लिहिलेलं नाही?' ताई हसायलाच लागली, म्हणाली, 'अगं, हे काय फळ्यावर लिहायचं असतं होय!' झालं. मुलीने वहीत काहीतरी लिहिलं, दोन फोटो काढले, एक कढईचा, एक माझ्या हनुवटीला लागलेल्या शिताचा, आणि गेली.

गुरुवारी पान निघालं. हे बघा, कात्रण इथेच आहे, आमच्या हिने कापून भिंतीवर लावलंय. 'फळ्यावर नसलेला पदार्थ! तेवीस वर्षं फक्त ओळखीच्यांनाच मिळणारं असंच. मागच्या दाराने जा आणि हळूच म्हणा, एक प्लेट असंच!' आमची ही मला काय म्हणाली असेल? कौतुक? छे! म्हणाली, 'तेवीस वर्षं एवढं चांगलंचुंगलं एकटे खाताय, आणि घरी येऊन माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवता?' आता हिला कसं समजावू? हिच्याकडे जे दुसऱ्या दिवशी उरतं, तेच ते!

आणि मग माणसं यायला लागली… अहो, काय सांगू! 'दोन असंच द्या, एक कमी तिखट!' 'असंच पार्सल मिळेल?' ताई बिचारी विचारते, 'असंच पार्सल, की डब्यात?' तो म्हणतो, 'असंच, डब्यात!' ही म्हणते, 'अहो, असंच की डब्यात, एक काय ते सांगा!' एक म्हातारे गृहस्थ दाराशी घुटमळत होते, ताईने विचारलं, 'काय हवंय?' ते म्हणाले, 'काही नाही, असंच आलो होतो.' तिने त्यांच्या हातात ताटली दिली! खाऊन गेले बिचारे. आणि एक टोपीवाला आहे, रोज येतो, घास घेतला की डोळे मिटतो. मिटलेल्या डोळ्यांनी म्हणतो, 'अंऽऽ… हा जो मागून हलका धुराचा वास येतोय ना…' धुराचा? करपलं होतं ते! ताई फोनवर बोलत होती! पण दुसऱ्या दिवशी लोक काय म्हणतात? 'आज धूर कमी पडला.'

आता गंमत बघा. उरलेलं जे असतं ते किती असतं? दोन ताटल्या. आणि रांगेत माणसं साठ! मग ताईने काय करावं? सकाळी सहाला येऊन जास्तीचं रांधायला लागली, आणि ते दुपारपर्यंत झाकून ठेवायला लागली. मी म्हटलं, 'ताई, हे काय चाललंय?' तर म्हणते, 'उरवतेय.' उरवतेय! तुम्ही कधी ऐकलंय, मुद्दाम उरवतात? ताजं दिलं तर लोक परत पाठवतात हो, मुरलेलं नाही म्हणून!

आणि मी? भिंत गप्प! अडीच वाजले, पावणेतीन वाजले, झारा नाही. दोनदा नाही, तीनदा नाही. मी आपला भिंतीला कान लावून बसलोय, आणि एका गिऱ्हाइकाची डावी बाही उजव्या बाजूला शिवून ठेवली! शेवटी गेलो मागच्या दाराने. तर तिथे रांग! मी म्हटलं, 'जरा जाऊ द्या, मी भाऊ आहे.' पुढचा वळून म्हणतो, 'इथे सगळेच भाऊ आहेत, मागे उभे राहा.' राहिलो. पाऊण तास राहिलो! आत पोचलो तर ताई घामाघूम, पदराने तोंड पुसतेय, मला म्हणाली, 'अरे, आज काहीच उरलं नाही रे.' ऐकलंत? उरलेलं उरलं नाही!

मग माझं डोकं फिरलं. तडक त्या साप्ताहिकाच्या कचेरीत गेलो, दोन जिने चढून, धापा टाकत. ती मुलगी बसलेलीच होती. म्हटलं, 'बाई गं, चूक दुरुस्त कर. तो पदार्थबिदार्थ काही नाही. उरलंसुरलं आहे ते, उरलंसुरलं!' तिने वही उघडली. मी म्हटलं, लिहू नकोस! पण तिचे डोळे असे चमकले, आणि पेन चालूच! पुढच्या गुरुवारी काय? 'अन्नाचा कणही वाया न घालवणारी खाणावळ! उरलंसुरलं हेच ताईंचं तत्त्वज्ञान!' गर्दी दुप्पट! आता कापडी पिशव्यावालेपण यायला लागले! आधी एक शब्द बोललो होतो, आता दुसरा बोलून बसलो. आमची ही म्हणाली, 'तुम्ही तोंड शिवून का घेत नाही? शिंपी आहात ना?'

तुम्ही म्हणाल, मग ताईलाच सांगायचं की बंद कर म्हणून. अहो, गेलो होतो सांगायला! पण तिच्याकडे बघितलं आणि… काय बोलणार? साठीच्या पुढे गेलेली बाई, जन्मभर दुसऱ्यांच्या ताटल्या उचलल्या, आणि आता लोक तिला विचारतायत की कांदा कसा परतायचा, आणि ती कमरेवर हात ठेवून सांगतेय, हसतेय, फोटोत केस सावरतेय. मी तिला असं हसताना कधी बघितलं होतं, आठवेना. म्हटलं, 'छान चाललंय ताई,' आणि परत आलो. घरी येऊन आमच्या हिच्याशी भांडलो. दुसरं कोणाशी भांडणार?

आणि त्यात या साप्ताहिकवाल्यांनी नवीन काढलं. 'ताईंसोबत अर्धा तास.' सोमवार, बुधवार, शुक्रवार, अडीच ते तीन. आठच माणसं, जेवता जेवता ताईंशी गप्पा, नाव आधी नोंदवा. अडीच ते तीन! माझा अर्धा तास हो तो! काय करता? नोंदवलं नाव. कागदावर विचारलंय, 'ताईंविषयी कुतूहल का वाटतं?' मी लिहिलं, 'सख्खी आहे.' उत्तर आलं, आपण प्रतीक्षा यादीत अकरावे आहात. माझ्याच बहिणीशी बोलायला मी अकरावा! माझ्या आधी दहा जण तिचे कोण लागतात?

तीन आठवड्यांनी कोणीतरी आजारी पडलं, देव त्यांचं भलं करो, आणि मला खुर्ची मिळाली. जाऊन बसलो, सात परक्या माणसांत आठवा. ताई आली, हात जोडले, सगळ्यांकडे बघून गोड हसली… आणि मी दिसलो. बस्स! 'तू? आणि हा अवतार? महिनाभर तोंड दाखवलं नाहीस! भिंतीपलीकडे राहतोस की परदेशात? रांग होती म्हणे! रांग होती तर हाक मारता येत नव्हती? जीभ गहाण टाकलीस? किती वाळलायस बघ! आणि तो दात? अजून तसाच? आ कर! सगळ्यांसमोर कर, लाजतोस काय!' मी आ केला. सातही माणसं वाकून बघतायत! ती अर्धा तास थांबली नाही हो, श्वास घ्यायला थांबली नाही, आणि शेवटी तिचा आवाज जरा कापला, म्हणाली, 'मला काय वाटलं असेल, विचार केलास?' नाही केला. खरंच नाही केला. मला वाटत होतं, वाट मी एकटाच बघतोय.

तीन वाजले. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं कार्यक्रमच आहे! टोपीवाल्याने डोळे पुसले. वहीवाली मुलगी धावत आली, म्हणाली, 'काका, हे फारच छान झालं, दर वेळी येऊन असंच ऐकून घ्याल का?' पुन्हा एकदा मी विचार न करता एकच शब्द बोललो. हो!

तेव्हा आता सोमवार, बुधवार, शुक्रवार, अडीचला मी तिथे असतो. आज मुद्दाम दाढी केली नाही, पावसाळी चपला घातल्यात, तिला बोलायला काहीतरी पाहिजे ना! चला, उठा, वेळ झाली, तुमचं नाव यादीत आहे ना? मग येताच आहात. मला नववी खुर्ची ठेवलीय, पण ताटल्या आठच असतात, त्यामुळे मला ताटली नाही. आठ जण असंच खातात आणि मी बोलणी खातो. काय करणार… पोट भरतं हो त्याने.