बॉनेटवरची रजई

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक आजी-आजोबा बसले होते. मेकॅनिक हात पुसत आला.

“काका, गाडी तर मस्त चालतेय.”

“आत्ता चालतेय हो! सकाळी गार असली की नुसती थडथडते, खोकते, बंद पडते. वय झालं बिचारीचं.”

“म्हणूनच रात्रभर इथे बाहेर ठेवायला सांगितली ना? गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना ऐकल्याशिवाय दोष कळायचा कसा? आणि सकाळी येऊन बघतो, तर बॉनेट गरम!”

“दुसरी किल्ली होती माझ्याकडे. पहाटे येऊन जरा तापवून गेलो.”

“अहो, पण कशाला?”

“तुमच्यासमोर तिची शोभा नको व्हायला.”

“आणि बॉनेटवर ही रजई?”

“ती रात्रीच घालून गेलो होतो. गारठा केवढा पडलाय!”

“रजई माझी आहे,” आजी म्हणाल्या. “मी सतरंजी पांघरून कुडकुडत होते.”

“अगं, तू काय, हाक मारली की उठतेस. हिचं तसं नाही.”

 आजी मेकॅनिककडे वळल्या.

“भाऊ, आज गाडी घरी पाठवा आणि रात्रभर मला इथे ठेवून घ्या. बघू, पहाटे हे येतात का.”