जिबेक कुणाची

नाही आई, चहा नको, आत्ताच पिऊन आले — बरं, सांगा जिबेकला, पण अर्धीच वाटी. ते तुम्हीच शिकवलंत ना मला, नवी सून होते तेव्हा? पाहुण्यांपुढे काठोकाठ भरून ठेवली, तर कानात म्हणालात, अगं, भरली वाटी म्हणजे ‘प्या आणि उठा’. मेल्याहून मेली झाले होते मी. तर सकाळचं — बोलली का काही जिबेक? नाही? वाटलंच.

काही नाही हो, इंग्रजीचा तास. माझं, तुझं, तिचं — माइन, युअर्स, हर्ज. पोरांच्या टोप्या, हातमोजे टेबलावर गोळा केले, एकेक उचलायचं, ज्याचं त्याने ओरडायचं — माइन. नुसता धुडगूस. शेवटी जिबेकची टोपी, तुम्ही विणलेली निळी — ती मी तिच्या डोक्यावर घातली आणि हात तिथंच राहिला. तोंडातून निघून गेलं, माइन. चुकून हो. कुणाला काय कळतंय इंग्रजीत — पण तासभर तोच शब्द घोकून घेतलेला ना मी! अख्खा वर्ग ओरडला — हर्ज, हर्ज. सगळे हसले. ती नाही हसली.

चुकून कसलं. तिची टोपी मुद्दाम शेवटी ठेवली होती मी. तिचाच वर्ग मिळावा म्हणून मुख्याध्यापिकेकडे किती खेटे घातले, तेही तुम्हाला ठाऊक नाही. पहिलं मूल आजी-आजोबांचं, अख्ख्या नारिन खोऱ्याची रीत आहे, मी कुठे नाही म्हणते? बाबा गेले त्या हिवाळ्यात हे घर तुम्हाला खायला उठत होतं, मीच माझ्या हातांनी तान्ही तुमच्या पदरात घातली. आता जिबेक तुम्हाला आई म्हणते, बापाला दादा म्हणते, मला वहिनी — आणि मी ‘ओ’ देते हो. नंतरची दोन पोरं आहेत ना घरी, तरी. दिलेलं परत मागत नाहीये, आई. एकदा फक्त म्हणून बघायचं होतं. अपराध झाला माझ्या हातून, तुमचाही आणि तिचाही. इकडे बघा ना, जाजमाला टाके काय घालत बसलात — दार उघडंच होतं का हे?

ये गं जिबेक. तू ओतणार? ओत, बाळा. बास... बास गं, अर्धीच — अगं, सांडेल. हात बघा आई तिचा, जरासुद्धा हलत नाहीये.

काठोकाठ.

असू दे, रागावू नका तिच्यावर. पिते, पिऊन निघते. छान झालाय गं चहा. आवडला वहिनीला.