लांबचा फटका

नारिन शहरातल्या दवाखान्यात मी तापलेल्या लेकाला मांडीवर घेऊन बसले होते. शेजारी सातवा महिना लागलेली एक बाई आणि तिची सासू, दोघींचे डोळे डॉक्टरांच्या दाराकडे.

"कधीपासून हललं नाही बाळ?" सासूनं विचारलं.

"काल स्पर्धेत शेवटचा फटका मारला तेव्हापासून, आपा."

"हजारदा सांगितलं, पोट घेऊन त्या बिलियर्डच्या टेबलावर वाकू नकोस!"

"बॉल लांब होता. टेबलाची कड जरा रुतली पोटात."

"जरा म्हणे! एवढं काय अडलं होतं त्या बॉलवाचून?"

"मारतो तोच बॉल दुसऱ्याला घासून पॉकेटात जायला हवा होता, आणि पॉकेट बॉलपेक्षा केसभरच मोठं. लग्नाआधीपासून घोटतेय मी तो फटका."

"कसा मारतात, सांग."

"आत्ता?"

"आत्ताच. रडत बसण्यापेक्षा बरं."

"आधी श्वास सोडायचा. काठी हनुवटीखाली धरायची. दुसऱ्या बॉलची फक्त कड बघायची. अंग अजिबात हलू द्यायचं नाही. आणि मग टक्क..."

"थांबलीस का? बेगायिम, काय झालं?"

"आपा, हात द्या. इथे नाही, खाली."

"कुठे? मला काही..."

"थांबा."

मी लेकाचा तळपाय मुठीत घट्ट धरला.

"अगं बाई! लाथा मारतोय की लबाड!"

"परत. परत मारली."

दार उघडलं. नर्सनं बेगायिमचं नाव पुकारलं. सासू उठेना. सुनेच्या पोटावरचा हात तसाच ठेवून तिनं विचारलं,

"मग? गेला का बॉल?"