अस्वलाचे कान

...आणि वर मला म्हणतात, "अस्वलकाका, पाणी घ्या ना, पाणी!" अहो, घेऊ कुठून? तोंड आहे, जीभ आहे, चांगले पांढरेशुभ्र दात आहेत, पण सगळं शिवलेलं! मला दिसायचं ते नाकाच्या जाळीतून, तेही समोरच्याच्या पोटापुरतं. पाणी वाटणाऱ्या मुली खिदळतायत, पेले पुढे करतायत, आणि आत माझी जीभ टाळूला चिकटलेली! नको म्हणून हात हलवावा तर हाताला हा एवढा पंजा. लागला टेबलाला, सगळे पेले आडवे, सगळं पाणी माझ्या पायांवर! कापूस भरलेला पाय भिजला की काय होतं माहितीये? नका माहीत करून घेऊ.

तुम्ही म्हणाल, हौस दांडगी दिसते. हौस कसली डोंबलाची! आमच्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. साहेब बोलतात ते नाकातून, आणि प्रत्येक शब्दाला पेन आपटत. "हे बघा... एक संस्था आहे... मोठा धक्का बसलेली मुलं असतात ना, कुणी आगीतून वाचलेलं, कुणी अपघातातून, कुणाच्या घरातच नको ते घडलेलं... त्यांना सावरायला मदत करतात. त्यांच्यासाठी दौड आहे. आपल्याकडून कुणीतरी पळायला हवं. तुम्ही पळाल ना?" मी! जो जिन्यात मधल्या वळणावर बसून घेतो तो मी! पण मी काय केलं? मान डोलावली.

दौडीच्या मैदानावर पोचतो न पोचतो तोच संस्थेच्या बाई धावत आल्या. मुलांशी बोलून बोलून त्यांना मोकळं करायचं, हे बाईंचं काम. आवाज असा की ऐकणाऱ्याचा राग आपोआप खाली बसावा. म्हणाल्या, "आमचं अस्वल जिन्यावरून पडलं हो, पाय मुरगळलाय. तुम्ही व्हाल का अस्वल? मुलं वाट बघतायत." आता मुलं वाट बघतायत म्हटल्यावर काय बोलणार? मान डोलावली!

मग नियम. मुलांसमोर डोकं काढायचं नाही. आपण होऊन कुणाला हात लावायचा नाही. कुणी जवळ आलं तर उभं राहायचं नाही, खाली बसायचं. "आणि एक," बाई म्हणाल्या, "मुलांशी कधीही खोटं बोलायचं नाही. त्यांना लगेच कळतं." म्हटलं, बाई, मला या डोक्यातून खरंसुद्धा बोलता येणार नाही, खोटं कुठलं बोलतोय! बाई हसल्या. नंतर नाही हसल्या, पण ते पुढे.

आता मान डोलावण्याचं म्हणाल तर तुम्हाला सांगतो, तो माझा स्वभाव नाही, ती माझी नोकरी आहे. वॉशिंग मशीनच्या कंपनीत मी तक्रारीच्या खिडकीवर बसतो. मला पहिल्याच दिवशी हेडक्लार्कने शिकवलं, "ऐकू नका. ऐकलंत तर वेडे व्हाल. डोळ्यांत बघा, मान डोलवा, आणि म्हणा, समजू शकतो." झालं! बायका येतात, मशीनने नव्या साडीच्या चिंध्या केल्या म्हणून तावातावाने भांडतात, मी आपला मान डोलावतोय, आणि डोक्यात काय? घरी जाताना बल्ब न्यायचाय! पण गिऱ्हाईक शांत होऊन जातं हो. "निदान तुम्ही ऐकून तरी घेतलंत," म्हणून जातं. या कामात माझा हात धरणारा अख्ख्या कंपनीत कुणी नाही. घरी बायको म्हणते, "मी आत्ता काय म्हणाले?" मी म्हणतो, "समजू शकतो." चार चार दिवस अबोला!

तर दौड. शिट्टी वाजली, सगळे गेले. मी पण निघालो, म्हणजे निघालो असं मला आतून वाटत होतं. एक आजी काठी टेकत माझ्या पुढे गेल्या, वर "सावकाश हं बाळा" म्हणाल्या. बाबागाडी ढकलणारी बाई गेली. एक कुत्रा माझ्यावर भुंकत आला, जवळ येऊन बघितलं, त्याला माझी दया आली, परत गेला! मागून ॲम्ब्युलन्स माझ्याच चालीने येतेय, ड्रायव्हर खिडकीतून विचारतोय, "अस्वल, बसतोस का?" आणि डोक्याच्या आत हवेसाठी बसवलेला पंखा, बॅटरीवरचा, घर्रर्र घर्रर्र! हवा शून्य, आवाज गिरणीचा!

शेवटच्या वळणावर पायांत असे गोळे आले, की मी फूटपाथवर बसकणच मारली. समोर संस्थेची मुलं झेंडे घेऊन उभी. त्यांतली एक चिमुरडी, दोन वेण्या, एक सुटलेली, हळूहळू माझ्याकडे आली. माझ्या शेजारी बसली. गुडघे पोटाशी घेतले. आणि बोलायला लागली.

काय बोलली?

अहो, तेच तर! मला काय माहीत! पंखा घर्रर्र, छाती भात्यासारखी चाललेली, तिकडे बँड वाजतोय! मला जाळीतून नुसते तिचे ओठ दिसत होते, हलताना. मला वाटलं, अस्वला दमलास का, तुझी बायको कुठंय, असलं काहीतरी असेल. बराच वेळ बोलली. मध्येच थांबली, फ्रॉकचं टोक चुरगाळलं, परत बोलली. मग माझ्याकडे बघत राहिली. काहीतरी विचारल्यासारखी. आणि मी काय केलं? तक्रारीच्या खिडकीवर करतो तेच केलं. डोळ्यांत बघितलं. मान डोलावली. चांगली जोरात, दोन्ही पंज्यांनी डोकं धरून!

तिने माझ्या पंजावर हात ठेवला. मग उठून गेली.

दौड संपली, मला एका खोलीत नेऊन डोकं उतरवलं, तोच बाई आल्या. डोळे भरलेले. "ती आमच्याकडे आल्यापासून एक शब्द बोललेली नाही हो! घराला आग लागली त्या दिवसापासून! आज बोलली. तुमच्याशी बोलली! काय म्हणाली?"

तुम्हाला सांगतो, घाम सगळा जागच्या जागी गार. म्हटलं, बाई... मला ऐकूच आलं नाही. पंखा होता ना.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्यावर लोक रोज रागावतात, मला सवय आहे. त्या नुसत्या खुर्चीवर बसल्या. म्हणाल्या, "आता तिला विचारायचं नाही. तिला वाटेल तेव्हा." घरी आलो, बायकोला सांगितलं. तिने ताटं मांडली. ती "समजू शकते" म्हणाली असती तरी चाललं असतं.

मग मी संस्थेकडून ते अस्वलाचं डोकं मागून आणलं. शिंप्याकडे गेलो, म्हटलं, याच्या कानांना आरपार भोकं पाडा. शिंपी म्हणाला, "कापडी अस्वलाला ऐकायचंय काय?" पंखा काढून टाकला. घरी डोकं घालून बसलो, बायकोला म्हटलं, आतल्या खोलीतून काहीतरी हळूच बोल. ती बोलली, मी शब्दन् शब्द सांगितला! तशी म्हणते, "मग हे घरातही घालत जा!"

तेव्हापासून दर शनिवारी जातोय. अस्वल होऊन संस्थेच्या अंगणात बसतो, घामाने निथळतो, श्वाससुद्धा जपून घेतो. बाकीची मुलं येतात, शेपूट ओढून जातात. ती खिडकीतून बघायची. आणि परवा आली! तश्शीच शेजारी बसली, गुडघे पोटाशी. मी कान टवकारले, माझे आणि अस्वलाचे, चारही! आणि बोलली हो, इतकं स्वच्छ ऐकू आलं, इतकं स्वच्छ...

म्हणाली, "तुला सगळं आठवतंय ना, मी सांगितलेलं? मग बरंय. मला परत नाही सांगायचं."

आणि बघत राहिली जाळीतून थेट माझ्याकडे. तिकडे दारात बाई उभ्या. मुलांशी खोटं बोलायचं नाही, हा नियम. आणि मी बोललो नाही, शप्पथ सांगतो, एक शब्द बोललो नाही...

मान डोलावली.