उजवीकडून

मुलगी: एकच तास, बाबा. उद्या सकाळी दहाला, माझ्या वर्गात.

हातोडी: टक्. टक्.

मुलगी: मी तुम्हाला विचारतेय, हातोडीला नाही.

बाबा: माझ्या वतीने तीच बोलते. सरक जरा, उजेड अडवतेयस. या पितळेचा दुपारपर्यंत शिक्का व्हायचाय.

मुलगी: कुणाचा?

बाबा: कुठल्याशा शाळेचा. वर्तणुकीच्या दाखल्यावर मारायला. चाळीस वर्षं हाच शब्द खणतोय. सी, एच, ए, आर, ए, सी, टी, ई, आर. त्यातला तो एच तोंडातून चकार शब्द काढत नाही म्हणे. तरी मेहनत तेवढीच.

मुलगी: कॅरेक्टर. उद्या हाच शिकवायचाय. म्हणून तर तुम्ही हवे आहात.

बाबा: बाईसाहेब, शाळेत मी एकदा येऊन गेलोय. पुरे झालं.

मुलगी: मी चौथीत होते.

बाबा: पालकांना बोलावलं होतं. तुमच्या बाई म्हणाल्या, फळ्यावरचा शब्द वाचा. शिक्क्यात शब्द उजवीकडून सुरू होतो, मी आपला सवयीने तिकडूनच धरला. अख्खा वर्ग हसला.

मुलगी: मीही हसले.

हातोडी: टक्.

मुलगी: सगळ्यात मोठ्याने.

बाबा: एवढीशी होतीस. सोड.

मुलगी: तुम्ही कुठे सोडलंत? नंतर कायम फाटकाबाहेर सायकल धरून उभे. मला पदवी मिळाली तेव्हासुद्धा.

बाबा: सावली होती तिथे.

हातोडी: टक्. टक्. टक्.

मुलगी: हा शब्द मुळात ग्रीकांचा. त्यांच्या एका अक्षराला इंग्रजीत जोडी लागली, सी आणि एच. तुमचा मुका एच तिथून आला. आणि अर्थ सांगू? आज आपण स्वभाव म्हणतो, चारित्र्य म्हणतो. ते सगळं मागाहून. आधी ग्रीकांकडे 'खाराक्तेर' म्हणजे कोरायचं हत्यार. आणि त्याने उठलेली खूण.

बाबा: हत्यार?

मुलगी: तुमच्या हातात आहे ना, ही टाकी. ती.

बाबा: मला न्यायला काहीही रचतेस.

मुलगी: शब्दकोशात छापलंय. पान दुमडून आणलंय, बघा.

(हातोडी थांबते.)

बाबा: काय कोरायचे ते लोक?

मुलगी: नाण्यांचे ठसे. शहराचं नाव, एखादं घुबड, राजाचा चेहरा.

बाबा: ठशात? म्हणजे नाव उलटं कोरायचं.

मुलगी: उलटंच.

बाबा: उजवीकडून.

मुलगी: हो, बाबा.

बाबा: घुबडाचं पीस न् पीस उठवत असतील. तेही पोलादी टाक्या, भिंगं, काही नसताना. हात असणार एकेकाचा. आपल्यातले लोक होते म्हणायचे.

मुलगी: त्यांच्यातल्या एकाला आमच्या बाईंनी फळ्यापुढे उभं केलं असतं तर?

बाबा: तोही तिकडूनच सुरू झाला असता, लेकाचा.

मुलगी: मग मी पोरांना काय सांगू? कोण येणार म्हणून?

बाबा: किती आहेत?

मुलगी: बेचाळीस.

बाबा: तेवढ्या साबणाच्या वड्या घे. पितळ नको त्यांच्या हातात. मीही साबणावरच शिकलो. ज्याचं त्याने आपलं पहिलं अक्षर कोरावं. शाई लावून कागदावर दाबलं की कळेल, सगळ्यांचं उलटं.

मुलगी: हसतील.

बाबा: हसू देत. या खेपेला मीही हसणार आहे.

हातोडी: टक्.

बाबा: आणि ते पान इथे ठेवून जा. पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवतो. म्हणावं, घासाघीस कुणाशी करतोयस ते आधी वाच.

मुलगी: ठेवते. दहाला, हं?

बाबा: फाटक उघडं असतं ना?

मुलगी: मी पावणेदहापासून तिथेच उभी असेन. सावली आहे तिथे.