आत्याचे तीन प्रश्न

…नाही, तुम्हीच सांगा, मिसरूड फुटलेल्या पोराला बाहेर जाताना सहा वर्षांची बहीण सोबत म्हणून देतात का कुठे? आमची आत्या द्यायची! तुम्हाला सांगतो, आई गेली, मी आत्याकडे आलो, आणि तिनं तोवर वाढवलेल्या नुसत्या मुली. म्हणाली, मला मुलीच वाढवता येतात बाबा, तुझ्यासाठी वेगळं कुठून आणू? झालं! भांडी माझ्याकडे, दिवेलागणीच्या आत घरात, आणि उंबऱ्यावर पाय ठेवला रे ठेवला की… कुठे? कोणाबरोबर? परत कधी?

मी कुलपं दुरुस्त करायला शिकत होतो. तारेचा एक तुकडा द्या, कुठलंही कुलूप मुकाट्यानं उघडायचं! गल्लीतल्या दोस्तांना हे ठाऊक. एका दुपारी म्हणाले, टीव्हीवाल्याचं गोदाम आहे, मालक गावाला गेलाय, तू फक्त कुलूप काढ. खोटं कशाला बोलू, छाती फुगली हो माझी! निघालो… तर आत्या दारात. कुठे? कोणाबरोबर? परत कधी? मी आपलं "जरा" म्हटलं, तर लगेच, "चिमे, दादाबरोबर जरा जाऊन ये."

आता वरात बघा! पुढे दोस्त, मागे मी, माझं बोट धरून चिमी, आणि चिमी नाक ओढत विचारतेय, "घरी गेल्यावर मला सगळं सांगावं लागतं हं, तुमची नावं काय?" दोस्तांनी हातच जोडले. आम्हाला परत धाडलं आणि कुलूप हातोड्यानं फोडलं. अख्खा बाजार गोळा झाला! दोस्त सगळे तुरुंगात गेले. एकाचा तर जन्म कोर्टाच्या तारखांतच सरला.

हवालदार आमच्याकडेही आला, कुलूपवाला कुठे होता म्हणून. आत्यानं माझा असा मिनिटामिनिटाचा हिशेब दिला की तो बिचारा पाणी पिऊन गेला.

तीच चिमी आता कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. परवा सांगत होती, बायकांच्या हातून गुन्हे कमी घडतात, कारण लहानपणापासून पहारा, घरकाम, लोक काय म्हणतील… आणि पोरांना रान मोकळं. म्हटलं, बाई गं, यासाठी एवढी पुस्तकं वाचलीस? मला विचारायचंस! यातला निम्मा जाच पोरांना वाटून दिला असता, तर मुलींचाही हलका झाला असता की!

चेष्टा जाऊ द्या. मी सरळ राहिलो तो काही फार गुणाचा म्हणून नाही. माझी वाट बघणारं कोणीतरी दारात उभं होतं. फार उपकार आहेत त्या बाईचे.

आता तिला धड दिसत नाही. पण आज इथे तुमच्यासमोर बोलायला निघालो, तर… कुठे? कोणाबरोबर? परत कधी? म्हटलं, आत्या, अगं मला नातू झालाय! काय उपयोग… त्या पहिल्या रांगेत नाक ओढत बसल्यात ना, त्या प्राध्यापकीणबाई? सोबत आल्यात माझ्या.