तपासणाऱ्या बाईंची मुलगी

(जेवणाच्या टेबलावर सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा. आई इतिहासाची शिक्षिका, लेक तिच्याच वर्गात.)

आई: तोंडी नको. तोंडी तुला सगळं येतं. काल भांडी विसळताना झिम्बाब्वेच्या दगडी नगराची अख्खी गोष्ट सांगितलीस मला. मग आफ्रिकेच्या पेपरात नेमकं तेच पान कोरं कसं?

लेक: आठवलं नाही.

आई: थापा मारू नकोस. चुना न लावता नुसते दगडावर दगड रचून एवढ्या भिंती कशा उभ्या केल्या, हे तू कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही ऐकवलंयस.

लेक: तो गुण देत नाही.

आई: शहाणपणा पुरे. सराव परीक्षेत नापास झालेल्यांची नावं उद्या मुख्याध्यापिकांना द्यायची आहेत. त्यांना यंदा शेवटच्या परीक्षेला बसता येणार नाही. आणि माझ्या विषयात नाव आहे एकच. मागच्या बाकावर झोपणारा पठ्ठ्यासुद्धा काठावर का होईना, सुटला. इथे मात्र दिव्याखाली अंधार.

लेक: मग दे नाव.

आई: वर्ष जाईल तुझं. कळतंय का काही?

लेक: कळतंय.

आई: डोकं फिरवू नकोस माझं. चार ओळी खरडल्या असत्यास तरी पास झाली असतीस.

लेक: मागच्या चाचणीत चांगली तीन पानं लिहिली होती. बाकावरच्या शेजारणीबरोबर अभ्यास केला होता, मुद्दे तेच, क्रमसुद्धा तोच. तिला आठ दिलेस, मला सहा.

आई: अक्षर बघायला हवं ना बाई.

लेक: माझं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं आहे. तूच म्हणतेस.

आई: बरं. मग?

लेक: मग काय? त्या सहावरसुद्धा मुली म्हणाल्या, हिला काय, घरी आयतं मिळतं. तू कापायचे ते कापलेस आणि मी ऐकायचं ते ऐकलंच.

आई: मला का नाही बोललीस?

लेक: कधी बोलू? घरी विषय काढला की तू म्हणतेस, शाळेतलं शाळेत. शाळेत तर ओळखही देत नाहीस. ‘ए खिडकीजवळची, उभी राहा.’

आई: बाईंनी मुलीला वर काढलं असं कुणी म्हणू नये, म्हणून गं.

लेक: म्हणून खाली ढकललंस.

आई: असं नको बोलूस.

लेक: तूच शिकवलंस ना, त्या भिंती तिथल्याच लोकांनी बांधल्या हे गोऱ्यांना पटेना? म्हणे कुणीतरी बाहेरून येऊन बांधून दिल्या असतील. तो प्रश्न वाचला आणि मी पेन खाली ठेवलं. काहीही लिहिलं तरी ते आईचंच ठरणार, आणि आई त्यातले दोन कापणार.

आई: म्हणून वर्ष पणाला लावायचं?

लेक: वाटलं होतं, कोरं पान बघून तू निदान विचारशील. तू शून्य दिलंस आणि पान उलटलंस. मी समोरच बसले होते, पालेभाजी निवडत.

आई: मला तुझा राग आला होता. वाटलं, मुद्दाम नाक कापतेय माझं. जाऊ दे. उद्या सांगते मुख्याध्यापिकांना, हिची फेरपरीक्षा घ्या. पेपर दुसऱ्या शाळेतल्या सरांनी काढावा आणि त्यांनीच तपासावा.

लेक: कारण विचारतील.

आई: सांगेन. मागच्या चाचणीत हिचे गुण मी मुद्दाम कापले होते, म्हणून हिने पान कोरं सोडलं.

लेक: अब्रूचं खोबरं होईल तुझ्या.

आई: होऊ दे. आता लाज वाटतेय ती काय कमी आहे?

लेक: आई.

आई: काय?

लेक: त्या सरांना म्हणावं, पेपर फार सोपा काढू नका.